दुधाचे दात, आईचा हात



करंजाडे वसाहतीत नव्या इमारतींची कामे अजून चालूच आहेत. गाढी नदीपलीकडे पनवेल शहर आहे, दुसऱ्या बाजूला विमानतळ आहे आणि मधल्या रस्त्यांवर रोज सकाळी बिगारी कामाला निघालेल्या बाया दिसतात. त्यांत कातकरी आणि ठाकूर समाजाच्या पुष्कळ जणी असतात. कुणी इमारतीवर घमेली वाहते, कुणी चार घरची भांडी करते, कुणी पावसाळ्यात रानभाज्या आणि खेकडे घेऊन पनवेलच्या बाजारात बसते. शनिवारी संध्याकाळी त्यांच्यापैकी दहा-बारा जणी मुलांना घेऊन आमच्या बैठकीला येतात. लसीकरण, अंगणवाडी, बचत गट, जातीचे दाखले असे विषय तिथे निघतात. लहान मुलांच्या दातांचा विषय मात्र कित्येक वर्षे निघाला नव्हता.

तो काढला साडेतीन वर्षांच्या एका मुलाने. त्याचे वजन वाढत नव्हते. अंगणवाडीच्या तक्त्यावरची त्याची रेघ चार महिने आडवीच होती. आम्ही आईला विचारायचे ते सगळे विचारले. जंताचे औषध दिलेस का? जुलाब होतात का? घरात काय शिजते? ती सांगायची, ‘‘ताई, भाकर तोंडात घेतो नि काढून टाकतो. लय हट्टी हाय.’’ मीही माझ्या वहीत ‘मूल हट्टी आहे’ असेच लिहिले.

एकदा तो माझ्या शेजारी बसून रडत होता, तेव्हा त्याचे तोंड मला प्रथमच नीट दिसले. वरचे पुढचे चारही दात झिजून काळे खुंट झाले होते. दोन दाढांना खड्डे होते. मूल हट्टी नव्हते, चावताना त्याला दुखत होते. आम्ही त्याचे वजन मोजले, उंची मोजली, दंडाचा घेर मोजला, पण तोंडात डोकावलो नाही. त्याहून मनाला लागले ते वेगळेच. दर शनिवारी बैठक संपताना मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा देण्याची आमची पद्धत होती. चहात बुडवलेले मऊ बिस्किट चावावे लागत नाही, म्हणून तो ते आनंदाने खायचा. त्याचे दात किडवण्यात आमच्या प्रेमाचाही वाटा होता.

त्यानंतर आम्ही आयांशी बोलू लागलो, आणि दंतवैद्यांकडून स्वतःही शिकलो. ते सगळे या लेखात मांडत आहे.

‘पडणारच हायेत, मग काळजी कशाला?’

हे वाक्य आम्ही जवळजवळ प्रत्येक आईकडून ऐकले. शिकलेल्या घरांतही ते ऐकू येते, त्यामुळे त्यात वाडीवरच्या बाईला कमी लेखण्यासारखे काही नाही.

दुधाचे दात २० असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. सहाव्या वर्षी पुढचे दात पडू लागतात. पण दुधाच्या शेवटच्या दाढा अकराव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या दाढेला कीड लागली, तर त्याच दाढेने त्याला पुढची आठ-नऊ वर्षे भाकरी चावायची आहे. वाढीचे सगळे वय त्यात येते.

दुधाचा दात खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागाही राखून ठेवतो. तो वेळेआधी पडला की शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडा येतो. दुधाच्या दातावरचे कठीण आवरण पक्क्या दातापेक्षा पातळ असते. त्यामुळे कीड लवकर आत शिरते, मुळाशी पू होतो आणि त्याचा त्रास खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट आयांना नवी वाटते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून तीही दुधाचीच असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते. ती पक्की दाढ असते आणि जन्मभर पुरायची असते. ती किडून काढावी लागली तर तिच्या जागी दुसरी येत नाही.

कीड म्हणजे काय?

‘दातात किडा शिरला’ असे आपण म्हणतो. काही ठिकाणी धुरी देऊन किडे पाडून दाखवणारे लोकही असतात. दातात असा किडा नसतो. आपल्या सगळ्यांच्या तोंडात अतिसूक्ष्म जंतू असतात. दातावर चिकटलेल्या गोड आणि पिठूळ पदार्थांवर ते जगतात आणि आंबट द्रव्य, म्हणजे आम्ल, तयार करतात. आम्लाने दाताचे आवरण हळूहळू विरघळते. खाऊन झाल्यावर लाळ हे आम्ल धुऊन काढते आणि दाताची झीज थोडी भरूनही आणते. पण त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास मिळावा लागतो.

त्यामुळे मूल किती गोड खाते याइतकेच ते किती वेळा खाते, हेही महत्त्वाचे आहे. जेवणाबरोबर एकदा गुळाचा खडा खाल्ला, तर लाळ ते निभावून नेते. तोच गूळ, बिस्किट, गोळी, गोड चहा दिवसभर थोडे थोडे चालू राहिले, तर दाताला उसंतच मिळत नाही. गूळ देशी आहे, मध औषधी आहे, म्हणून दाताला ते चालतात असे नाही. जंतूंच्या लेखी साखर, गूळ आणि मध सारखेच. शिवाय एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातून क्वचित एक गंभीर विषबाधा होऊ शकते.

रात्री झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून तोंडात गोड दुधाची किंवा चहाची बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात सर्वांत आधी जातात. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळ यांच्यामुळे बहुधा वाचतात. त्या मुलाच्या तोंडात आम्हाला नेमके हेच दिसले होते. त्याची आई भल्या पहाटे कामावर जायची, आणि आजी त्याला रडू येऊ नये म्हणून गोड चहाची बाटली द्यायची.

इथे एक गैरसमज होऊ नये. आईचे दूध तोडा, असे कोणी सांगत नाही. पहिले सहा महिने फक्त आईचेच दूध, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त, हाच सल्ला कायम आहे. बाळाला दात आल्यावर एवढेच करावे की झोपण्यापूर्वी ते स्वच्छ करावेत आणि वरचे खाणे गोड करू नये.

दात येणे आणि जुलाब

आमच्या बैठकीत या मुद्द्यावर सर्वांत जास्त वाद झाला. ‘दात येताना हगवण लागतेच, तिला अडवू नये’ असे म्हाताऱ्या बाया ठामपणे सांगतात. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, मूल किरकिर करते. पण जोराचा ताप आणि पातळ जुलाब दातांमुळे होत नाहीत. मग दोन्ही एकाच वेळी का दिसतात? कारण सहाव्या महिन्याच्या सुमारास वरचे अन्न सुरू होते, मूल रांगत जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते, आणि आईकडून जन्मतः मिळालेली रोगप्रतिकारशक्तीही याच काळात ओसरते. जुलाब होतात ते घाणेरड्या हातांनी, पाण्याने आणि बाटलीने.

हा गैरसमज जीवावर बेतू शकतो. ‘दाताचीच हगवण’ म्हणून दोन दिवस वाट पाहिली, तर बाळाच्या अंगातले पाणी संपते. म्हणून जुलाब लागताच ओआरएस सुरू करावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे, झिंकच्या गोळ्यांसाठी आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला गाठावे. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले तर थेट दवाखाना गाठावा.

असाच दुसरा गैरसमज लोहाच्या औषधाचा. अंगणवाडीतून सहा महिन्यांपुढील मुलांना लोहाचे पातळ औषध मिळते. त्याने दातांवर काळसर डाग पडतात आणि आया घाबरून औषध बंद करतात. हे डाग वरवरचे असतात, ती कीड नव्हे. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडावे, नंतर पाणी पाजावे आणि दात घासावेत. पण औषध थांबवू नये, कारण आपल्या मुलांमध्ये रक्ताची कमतरता खूप आहे.

मिशरीचा डबा

आमच्या बैठकीत दात घासण्याचा विषय निघाला, तेव्हा एकीने कमरेची डबी काढून दाखवली. मिशरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. महाराष्ट्रात आणि कोकणपट्टीत बाया वर्षानुवर्षे तिने दात घासत आल्या आहेत. दातांना लावायच्या कोणत्याही वस्तूत तंबाखू घालून विकण्यास आपल्या देशात १९९२ सालापासून बंदी आहे. तरीही घरात भाजलेली मिशरी कोण अडवणार?

मिशरीने दात दुखायचे थांबतात, असे त्या म्हणतात. तंबाखूने जागा थोडा वेळ बधिर होते, इतकेच. खाली कीड वाढतच राहते आणि सवय मात्र जडते. तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आहे. पोटुशी बाई मिशरी लावत असेल, तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. आणि कमी वजनाच्या मुलांची संख्या आपल्या वाड्यांवर आधीच कमी नाही. दुखणाऱ्या दाताला मुलाच्या तोंडातही चिमूटभर मिशरी दाबली जाते, हे तर कधीच करू नये. आई मिशरी लावताना मूल समोर बसून बघत असते आणि एक दिवस त्या डबीत बोट घालते. आमच्यातल्या तिघींनी सवय मोडायची ठरवली. एकीला जमले, दोघी अजून झगडत आहेत. त्यांना ओरडून काही साधत नाही, हे मी शिकले.

राखुंडी, कोळशाची पूड आणि विटेची भुकटी यांनीही दातांचे आवरण घासले जाते. कडुलिंबाचे किंवा करंजाचे दातण मोठ्या माणसाने नीट चावून वापरले, तर दात साफ होतात. ही आपली जुनी, चांगली सवय आहे. लहान मुलाच्या कोवळ्या हिरड्यांना मात्र काडी लागते, आणि दात बळकट करणारे फ्लोराइड तिच्यात नसते.

मग आईने करायचे काय?

दंतवैद्यांनी आम्हाला सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत. बहुतेक आईच्या हातात आहेत.

पहिला दात येण्याआधी दिवसातून एकदा ओल्या स्वच्छ फडक्याने बाळाच्या हिरड्या पुसाव्यात. पहिला दात दिसताच लहान, मऊ ब्रश सुरू करावा. पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात, तेवढी मुलाला कधीच देऊ नये. खोक्यावर फ्लोराइड १००० पीपीएमच्या आसपास लिहिलेले असावे. वाचता येत नसेल तर खोके अंगणवाडीत नेऊन दाखवावे. सगळ्या पेस्टींमध्ये फ्लोराइड असतेच असे नाही. दाण्याएवढी पेस्ट लावली तर छोटी ट्यूबही बरेच दिवस पुरते.

दिवसातून दोनदा घासावेत. एकदाच जमत असेल तर रात्रीचे चुकवू नये. त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये. घासून झाल्यावर थुंकायला लावावे, खळाखळा चुळा भरायची गरज नाही.

सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश आईच्या किंवा घरातल्या मोठ्यांच्या हातात असावा. मुलाच्या हातात ब्रश दिला की ते तो चावते आणि पेस्ट गिळते. मूल मांडीवर आडवे घ्यावे, डोके आपल्याकडे, आणि वरून तोंडात बघत घासावे. दोन मिनिटांचे काम आहे. पहिले चार दिवस रडते, पाचव्या दिवशी स्वतःच आडवे होते.

महिन्यातून एकदा वरचा ओठ उचलून उजेडात बघावे. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात आहे. या टप्प्यावर गोड कमी केले आणि फ्लोराइडची पेस्ट नेमाने लावली, तर कीड थांबू शकते. तपकिरी डाग किंवा खड्डा दिसला तर दंतवैद्याकडे न्यावे. गाल सुजला, ताप आला किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी न्यावे.

बाटलीऐवजी वाटी-चमचा वापरावा. चोखायला दिलेल्या चोखणीला मध किंवा साखर लावू नये. आपल्या तोंडात चावलेला घास बाळाला भरवू नये, कारण आपल्या तोंडातले जंतू त्याच्या तोंडात जातात. आईने स्वतःचे दात सांभाळले तर मुलाचेही सांभाळले जातात.

दोष कुणाचा?

दातांची कीड काही एकट्या आदिवासी वाडीचे दुखणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना कीड आढळली होती. फरक पडतो तो पुढे. शहरातल्या मुलाच्या दाढेत वेळेवर मसाला भरला जातो. वाडीवरचे मूल दुखणे सोसते, खाणे टाकते आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

आईला माहीत असून चालत नाही, तिला जमलेही पाहिजे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिथे पाणी लांबून आणावे लागते, अंगणवाडी सुटते, आणि मुलाला शांत ठेवायला पाच रुपयांचा पुडा हाच सोपा उपाय असतो. म्हणून या वर्षी भट्टीवर निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाबरोबर आम्ही एक पिशवी देत आहोत. तिच्यात प्रत्येक मुलाचा ब्रश, एक पेस्ट, ओआरएसची पाकिटे आणि माता-बाल संरक्षण कार्ड ठेवायला एक प्लास्टिकची पिशवी असते. दात घासायला घोटभर पाणी पुरते.

सरकारी सोयही आहे, ती मागितली पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करते. त्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी मूल अंगणवाडीत असावे, एवढे आपण बघायचे. करंजाडेहून जवळ म्हणजे पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याचे एमजीएम दंत महाविद्यालय. दंत महाविद्यालयांमध्ये शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. काही ठिकाणी चांदीयुक्त फ्लोराइडचे औषध लावून यंत्र न फिरवता कीड जागच्या जागी थांबवतात. त्याने किडलेला भाग कायमचा काळा होतो, हे आईला आधी सांगावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले?

त्याचे पुढचे खुंट काढावे लागले, दाढा भरल्या. चार फेऱ्या झाल्या आणि आईची चार दिवसांची मजुरी बुडाली. तिसऱ्या फेरीला ती नको म्हणत होती. तेव्हा आमच्या गटातल्या दुसऱ्या बाईने आपले काम सोडून त्याला नेले. पुढे एका शनिवारी ती आई सांगत आली, ‘‘ताई, काल त्यानं आख्खी भाकर खाल्ली, सुकटीसंगं.’’ त्यानंतरच्या दोन महिन्यांत तक्त्यावरची रेघ वर सरकली.

आमच्या बैठकीत आता बिस्किटे नसतात. मुलांना उकडलेले अंडे, भिजवलेले चणे, शेंगदाणे किंवा केळे मिळते. अगदी लहानांना चणे-शेंगदाणे कुटून देतो, म्हणजे घशात अडकत नाहीत. पहिल्या शनिवारी मुले रुसली, हे कबूल करते.

आता आपल्याकडे एक विनंती. नाताळाच्या निमित्ताने आपण दरवर्षी मुलांसाठी मिठाई आणि चॉकलेटची खोकी पाठवता. त्यामागचे प्रेम आम्ही जाणतो. या वर्षी त्या पैशांतून लहान मुलांचे मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट पाठवा. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो, म्हणजे एका मुलाला वर्षाला तीन-चार लागतात. आणि आज रात्री आपल्या घरातल्या लहानग्याला मांडीवर घ्या, त्याचा वरचा ओठ उचला आणि उजेडात बघा.

आपली,
करंजाडे केंद्रातील कार्यकर्ती